पाहुण्यांसाठी साफ केलेलं गायरान

उन्हाळ्यात यवतमाळला कोण जातं, हा प्रश्न नाशिक सोडेपर्यंत ओळखीतल्या प्रत्येकाने विचारला. मी दर वेळी नुसतं विनायककडे बोट दाखवलं. विनायक म्हणजे माझा नवरा. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि हिवाळ्यात त्याने पर्माकल्चरचा ऑनलाइन कोर्स केला. तेव्हापासून आमच्या दोन खोल्यांच्या घराचेही 'झोन' पडले आहेत. स्वयंपाकघर झोन एक, बाल्कनी झोन दोन, आणि भांडी घासायची वेळ आली की तो स्वतः झोन पाचमध्ये असतो, म्हणजे जिथे माणसाने अजिबात ढवळाढवळ करायची नसते तिथे.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जमीन उघडी ठेवायची नाही, पाणी पळू द्यायचं नाही, काहीही वाया घालवायचं नाही, आणि झाडं, पिकं, जनावरं, माणसं एकमेकांच्या उपयोगी पडतील अशी मांडणी करायची. ऐकायला सोपं आहे. आम्ही हे इमारतीच्या मागच्या पट्ट्यात करून बघतोय. पडलेली पानं गोळा करून ढीग लावतो, त्याचं खत करतो. आमचे सेक्रेटरी पाटणकर त्याला उकिरडा म्हणतात आणि दर बैठकीत तो विषय काढतात. त्यामुळे घाटंजीजवळच्या एका गावात बारा घरांनी मिळून गायरानाचा तुकडा याच पद्धतीने हिरवा केलाय आणि तिथे राहताही येतं हे कळल्यावर विनायकला माती बघायची होती, मला माणसं. टाकीला कोणता रंग द्यायचा यावर आमच्याकडे एकमत होत नाही, तर ही बारा घरं एका जमिनीवर तीन वर्षं टिकली कशी, हे मला समजून घ्यायचं होतं.

गावाचं नाव त्यांच्याच विनंतीवरून लिहीत नाही. पाहुणे आले की काय होतं ते पुढे वाचाल.

जायचं कसं: नाशिकरोडहून नागपूरकडे जाणारी रात्रीची गाडी धरा आणि सकाळी धामणगावला उतरा. तिथून यवतमाळला एसटी मिळतात, वाटेत बाभुळगाव लागतं. बायकांना अर्धं तिकीट आहे, विनायकला पूर्ण पडलं, त्यावरून तो बाभुळगावपर्यंत कुरकुरत होता. रस्ता चांगला आहे. खिडकीतून येणारा वारा मात्र तव्यावरून उठून आल्यासारखा. यवतमाळच्या स्टँडसमोर तर्री पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागून घ्या, ते लोक विचारत नाहीत, ओततात.

मग घाटंजीची बस. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "येऊन राह्यली." अर्ध्या तासाने विचारलं, तरी येऊन राह्यली. तासाभराने मी विचारायला गेले तर त्याने माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने बघितलं, जणू मी बसवर नाही, त्याच्यावरच अविश्वास दाखवत होते. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या की इतकं विचारू नये, बस येते तेव्हा येते. ती आली तेव्हा मी पाण्याची तिसरी बाटली संपवली होती. तुम्ही जाणार असाल तर सकाळचीच बस धरा आणि टोपी, ओढणी, काहीतरी डोक्याला बांधा. घाटंजीहून गावापर्यंत ऑटो मिळतो, पण तो भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरला म्हणजे किती हे चालकच ठरवतो.

गावात गटाचं काम बघणाऱ्या वंदनाताई वाट बघत उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडसडीत, भरभर बोलणाऱ्या. बौद्ध वस्तीत विहाराला लागून त्यांचं घर आहे, पुढची खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली. माणशी रोजचे चारशे रुपये, त्यात चहा, नाश्ता आणि दोन जेवणं. कूलर आहे, वीज असेल तर चालतो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि कैरीचं पन्हं असं जेवून थोडे माणसात आलो, तेव्हा ताईंनी सांगितलं की आम्ही अगदी वेळेवर आलोत. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेने गायरानाचा तो तुकडा त्यांच्या गटाला तीन वर्षांसाठी दिला होता. मुदत संपली. परवा महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. जमीन गटाकडे राहायची की पुन्हा चराईला मोकळी करायची, ते तिथे ठरणार. शेळ्यावाल्यांचा विरोध आहे. आणि परवा सभेआधी अख्खं गाव ती जागा बघायला येणार.

"गेली तं तीन वर्साची मेहनत गेली," त्या म्हणाल्या आणि लगेच आणखी वाढू का म्हणून विचारलं.

उन्हं कलल्यावर गायरान बघायला गेलो. गावाबाहेर, नाल्याच्या काठाला उतरत गेलेली जमीन. पूर्वी तिथे मुरूम आणि काटे होते, असं ताई सांगत होत्या. आता उतारावर आडवे, एका पातळीत खणलेले चर, त्यांच्या कडेने सीताफळ, आवळा, शेवगा, गिरीपुष्प, मध्ये गेल्या हंगामातल्या अंबाडीचे वाळके दांडे. आणि सगळ्या जमिनीवर घोट्याएवढं पांघरूण: सागाची पानं, सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तुराट्यांचे तुकडे. कपाशीची पऱ्हाटी घेत नाहीत, कारण तिच्यात बोंडअळी राहते. हे सगळं आच्छादन बायकांनी तीन वर्षं डोक्यावर आणून टाकलेलं. पहिल्या पावसाळ्यात वरचे दोन चर फुटले तेव्हा अर्धा गट सोडून जायला निघाला होता, तेही ताईंनी सांगितलं. टिकले कसे, तर कामाचा वार ठरलेला आणि न येणाऱ्याने बदली माणूस पाठवायचं, भांडण झालंच तर तिथल्या तिथे संपवायचं. शेवगा आणि भाजी निघाली की आधी ज्यांना शेत नाही त्यांचा वाटा. बौद्ध घरं, कुणबी घरं, दोन कोलाम आदिवासी घरं. एकमेकांवर वैतागलेली, पण टिकलेली.

ताईंनी आम्हाला चपला काढायला लावल्या. आधी वाटेवर उभं केलं. संध्याकाळ असूनही तळवे भाजले. मग आच्छादनावर. खाली गार होतं. खरंच गार. विनायकने खाली बसून पानं बाजूला केली आणि मातीत बोट घातलं, बोटाला ओल लागली. एप्रिलअखेर, त्या उन्हात. तो माझ्याकडे बघून काही बोलला नाही, याचा अर्थ तो फार खूश होता. मी मात्र एका पायावर नाचत होते, कारण तुराटीचा तुकडा तळव्यात घुसला होता.

"टोचतं हो जरा," मी म्हणाले.

हे ऐकायला तिथे गुलाबराव होते. साठीचे, पांढरी टोपी, शेजारच्या वावराचे मालक. गटात नाहीत, पण गटाचे पहिल्यापासूनचे कैवारी. त्यांच्या शब्दाला गावातल्या शेतकऱ्यांत वजन आहे आणि ग्रामसभेत ते बोलले तर निम्मं काम होईल, असं ताईंनी आम्हाला येतानाच सांगितलं होतं. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं, आणि फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली. मी म्हटलं, काही नाही, सवय नाही ना. ते म्हणाले की सवयीचा प्रश्न नाही. तो विषय तिथे संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटंजीचा आठवडी बाजार. ताई आणि गटातल्या जवळजवळ सगळ्या बायका निघाल्या, कारण ग्रामसभेला येणाऱ्यांसाठी चहा आणि चिवड्याचं सामान आणायचं होतं. आम्हीही मागोमाग. बाजार सकाळीच करावा, दुपारी ताडपत्र्यांखाली हवा उकळते. गावरान चवळीचं बी, सुकवलेली अंबाडी, हातविणीच्या टोपल्या, सगळं तिथे मिळतं. विनायकने टोपली घेतली आणि ती नाशिकपर्यंत कशी न्यायची यावर आमचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, टोपलीत सामान ठेवायचं, म्हणजे एका वस्तूची दोन कामं होतात, हे पर्माकल्चरचं तत्त्व आहे. मी म्हटलं, मग तूही दोन कामं कर, टोपली आणि बॅग दोन्ही उचल. परतीच्या ऑटोत टोपली माझ्याच मांडीवर होती.

गावाच्या अलीकडच्या वळणावरून धूर दिसला. त्या दिवसांत धूर कुठेही दिसतो. लोक पेरणीआधी वावर साफ करतात, धुरे पेटवतात, म्हणजे बांधावरचं वाळलेलं गवत जाळतात. त्यामुळे मला काही वाटलं नाही. ताई मात्र बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी ऑटोवाल्याला गावात नको, सरळ नाल्याकडे घे म्हणून सांगितलं.

गायरान साफ होतं. दुसरा शब्द नाही. अंगण झाडावं तसं उतरणीवरून दाताळ्याने ओढून काढलेलं. पान नाही, कुटार नाही, तुराटी नाही. दाताळ्याच्या सरळ रेघा मातीवर उमटल्या होत्या, फार मन लावून ओढलेल्या. जागोजागी काळे गोल, त्यांच्यातून अजून धूर येत होता. दोन आवळे एका बाजूने होरपळले होते. फक्त खाली नाल्याजवळ, जुन्या निंबाखाली, एक पट्टा तसाच राहिला होता. आणि वरच्या बांधावर गुलाबराव, त्यांचे भाऊबंद, पाच-सहा जण, तोंडं काळी झालेली, दमून बसलेले. आम्हाला बघून गुलाबराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला रडावंसं वाटलं.

"खालचं तेवढं राह्यलं," ते म्हणाले. "उन झालं म्हून थांबलो. सांजच्याले तेही होते."

ताईंनी विचारलं, "दादा, हे कोनी सांगतलं होतं कराले?"

"सांगाले कायले लागते? घरचं काम हाय. उद्या गाव येते पाह्यले, अन् असा कचरा पडला. मॅडमच्या पायाले काल काडी टोचली. नाशिकची पाहुणी, काय म्हनन?"

मी जमिनीत जावं म्हटलं तर तिथे आता लपायला पानसुद्धा नव्हतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला होता, आणि तो माणूस माझ्याच तळव्यासाठी सकाळपासून उन्हात राबला होता. अशा वेळी रागाचं काय करायचं, हे कोणत्याच कोर्सात शिकवत नाहीत. विनायक म्हणाला की राखेतही पोटॅश असतं. मी त्याला गप्प बस म्हटलं.

ताईंनी ऑटोतला पाण्याचा कॅन काढला आणि त्या पाच-सहा जणांना पाणी दिलं. गुलाबरावांना दोनदा दिलं. मग निंबाखाली जाऊन एकट्या बसल्या. संध्याकाळी खालचा पट्टा झाडायला कोणी यायचं नाही एवढं त्यांनी निक्षून सांगितलं. गुलाबरावांनी ते मान्य केलं, पण त्यांना ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. उद्या सगळ्यांच्या डोळ्यांना तेवढाच पट्टा खुपेल, असं ते जाता जाता म्हणाले.

ग्रामसभा सकाळी झेंडावंदनानंतर. आधी गाव जागा बघायला गेलं. लोक हिंडले, चर बघितले, शेवगे बघितले, आणि खरं सांगते, लोकांना जागा आवडली. "आता वावर दिसून राह्यलं," असं मी माझ्या कानांनी निदान चार तोंडांतून ऐकलं. एक बाई दुसरीला म्हणाली, तीन वर्षांत पहिल्यांदा नीट ठेवलंय. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि पुढे गेल्या.

सभा शाळेच्या व्हरांड्यात. खुर्च्या पुढाऱ्यांना, सतरंजी बायकांना, बाकीचे उभे. शेळ्यावाले प्रल्हादभाऊ उठले. त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. त्या पालापाचोळ्यात साप निघतात, नाल्यावर जायची पायवाट तिथूनच आहे, मुलं त्या वाटेने जातात, कोणाला चावला तर जबाबदार कोण? त्यावर गुलाबराव उठले आणि टोपी सारखी करत म्हणाले, आता जाऊन बघा, काडी दिसली तर माझं नाव बदला. लोक हसले, माना डोलल्या, आणि पाच मिनिटांत सगळं जमलं. सरपंचबाईंनी ठराव सांगितला. जागा आणखी तीन वर्षं गटाकडे. अट एकच: आता आहे तशीच साफ ठेवायची, पालापाचोळा साचू द्यायचा नाही. हरकत आहे का कोणाची?

बायका टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. गुलाबराव वळून आमच्याकडे बघत होते, बघा, कसं करून दिलं, असं. ताई उभ्या राहिल्या.

"ह्या अटीवर मले जागा नाई पाह्यजे."

टाळ्या थांबल्या. गटातल्याच दोघींनी त्यांचा पदर ओढला. मलाही ओढावासा वाटला. घ्या ना आधी जमीन, अट मागाहून बघू, आमच्या सोसायटीत सगळं असंच तर चालतं. पण ताई बसल्या नाहीत.

"तीन वर्सं आमी तिच्यावर पांघरूण घालून राह्यलो," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता, पांघरूण काढा, मंग राहा. मंग ती जमीन कायले पाह्यजे? पयले होता तसा मुरूमच होते. सापाचं म्हनता तं पायवाट साफ ठेवतो, बंडी जाईन इतकी. बाकीच्याले हात लावू नका."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं बाईचं डोकं फिरलं, कोणी म्हणालं वाटेचं बोलते ते बरोबर आहे. ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं. ऊन चढलं होतं, चहा आला होता, चिवडा वाटायला घेतला होता. विषय पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेवर ढकलला गेला. तोवर जागा गटाकडेच. एवढा रस्ता, एवढी आग, एवढी बोलाचाली, आणि शेवटी पंधरा ऑगस्ट. चिवडा चांगला होता, मी तोही रागाने खाल्ला.

ताई सभेतून सरळ गायरानात गेल्या, आम्ही मागोमाग. पाऊस येईल तेव्हा हा उघडा उतार धुऊन नाल्यात जाईल, मग ऑगस्टमध्ये मागायला काही उरणारच नाही, असं त्या चालता चालता सांगत होत्या. माझ्याशी बोलत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. तिथे पोचलो तर गुलाबराव आमच्या आधी आलेले. चपला हातात. ते त्या झाडून काढलेल्या मातीवर अनवाणी उभे होते. मग झपझप चालत खाली निंबाजवळ गेले आणि उरलेल्या पट्ट्यावर उभे राहिले. मग परत वर. शेतात जन्म गेलेला माणूस, तापलेल्या मातीचं त्यांना काय नवल? पण ते दोनदा तसे वरखाली झाले.

"मले काहून नाई सांगतलं?" त्यांनी ताईंना विचारलं.

"तीन वर्सं सांगून राह्यले, दादा. तुमी दर वेळी हो म्हनता."

गुलाबरावांनी हातातल्या चपला खाली टाकल्या. "तू बोलत होती म्हून हो म्हनलो," ते म्हणाले.

मी खाली बसले. हसू का रडू ते कळेना. ज्यासाठी मी नाशिकहून आले होते, इतकी माणसं एकत्र कशी राहतात, त्याचं निम्मं उत्तर हेच होतं. बाई मनापासून बोलते, मग मध्ये नाही कशाला म्हणायचं? हो म्हणायचं. आणि मग पाहुणे आले की आपल्याला जे चांगलं वाटतं ते करून द्यायचं. ताई मात्र हसल्या नाहीत. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. त्या म्हणाल्या की पावसाआधी आच्छादन कुठून आणू, कुटार सगळं जनावरांनी खाल्लं, पानं कधीच झडून गेली, बायकांच्या डोक्यावर आता मी पुन्हा काय म्हणून ओझं देऊ.

गुलाबराव चपला घालून निघून गेले. मला त्यांचा पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची निघायची तयारी चालली होती तेव्हा बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, आवाज आला. गुलाबरावांची बंडी, वर तुराट्यांचा डोंगर. त्यांच्या घरामागे चुलीसाठी वर्षभराचं जळण म्हणून रचलेली सगळी तुराटी. मागून त्यांच्या पत्नी यमुनाबाई, कमरेवर हात ठेवून, रस्ताभर बोलत. घरात गॅस आहे, पण सिलिंडर सणावाराला, भाकर चुलीवरच. "आता मी काय पाय चुलीत घालून भाकर टाकू?" असं त्या प्रत्येक घरासमोर थांबून विचारत होत्या. त्यांचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. ताईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि पावसाळ्यानंतर गिरीपुष्पाची छाटणी निघेल ती सगळी यमुनाबाईंच्या चुलीला, असं गटातल्या बायकांसमोर कबूल केलं. तोवर बारा घरांनी आळीपाळीने जळण पुरवायचं. यमुनाबाई गप्प झाल्या नाहीत, पण आवाज खाली आला.

आम्ही दुपारची बस धरायचं ठरवलं. तुराट्यांचे तुकडे करायचे आणि चरांच्या कडेने पसरायचे, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. विनायकच्या हाताला फोड आले. त्याने एकदाही झोन म्हटलं नाही. उतारावर आधी वरची बाजू झाकायची, म्हणजे पाणी वेग घ्यायच्या आतच अडतं, हे मात्र त्याने सांगितलं आणि ताईंनी ते ऐकलं. एका बंडीत फार तर चौथाई जमीन झाकली गेली. गुलाबराव म्हणाले, भावांकडेही तुराटी आहे. इथली जाळताना सगळे हातभार लावायला होते, आता देताना बघू. मी सगळ्यांच्या पुढे मुद्दाम अनवाणी चालले. फार टोचलं. तोंडातून आवाज काढला नाही.

परत येताना यवतमाळच्या स्टँडवर धामणगावची बस अर्थातच येऊन राह्यली होती. टोपली माझ्या मांडीवर.

नाशिकला आल्यावर महिनाभर मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक जण गुलाबरावांना हसत होता. मला ते हळूहळू खुपायला लागलं. आम्ही इमारतीत तरी काय करतो? पाटणकर मला हिवाळ्यापासून सांगतायत की ढीग नको, मी हिवाळ्यापासून त्यांना खताचे फायदे सांगतेय, ते हो म्हणतात, मी हो म्हणते, आणि दोघांपैकी कोणी चप्पल काढून दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहिलेलं नाही. त्यांची बाल्कनी त्या ढिगाच्या बरोबर वर आहे. जूनमध्ये मी एकदा त्यांच्याकडे चहाला गेले, बाल्कनीत बसले, आणि खरंच डास होते. आम्ही ढीग भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. त्यांनी आभार मानले नाहीत, पण पुढच्या बैठकीत विषयही काढला नाही.

पंधरा ऑगस्टला दुपारी ताईंचा फोन आला. जागा मिळाली, तीन वर्षांसाठी. पायवाट बंडीच्या रुंदीची साफ ठेवायची, बाकी जमिनीवरचं उचलायचं नाही. प्रल्हादभाऊंनीही हात वर केला, कारण वाटेवर साप दिसला नाही. पहिल्या पावसात मधल्या उघड्या उताराची बरीच माती गेली, ती गेलीच. वरचं झाकलेलं राहिलं. मी आनंदाने ओरडले. पण ताईंचा आवाज वैतागलेला होता. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, गुलाबराव.

आता ते रोज सकाळी गायरानात जाऊन बसतात. कोणाला काडी उचलू देत नाहीत. गटातल्या बायका तण काढायला गेल्या तर त्यांनाही हाकललं, जमिनीवरचं उचलायचं नाही असा ठराव आहे म्हणाले. ताईंनी कपाळाला हात लावला असणार, फोनवर तसा आवाज आला. "मॅडम, ह्या मानसाची मदत पचवाले येगळं पोट पाह्यजे," त्या म्हणाल्या. आणि पुढचं सांगितलं ते असं की गुलाबराव आणि यमुनाबाई पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला येणार आहेत, आणि एक दिवस आमच्याकडे राहणार आहेत. मॅडमकडचा ढीग पाहायचा आहे म्हणे.

ही बातमी इमारतीत पसरायला संध्याकाळ पुरली. पाटणकर स्वतः दार वाजवून आले. गावाकडचे पाहुणे येतायत असं कळलं, म्हणाले, निदान तेवढ्या दिवसापुरता तो मागचा कोपरा झाडूवाल्याकडून साफ करून घेऊ, खर्च सोसायटी करेल. फार मनापासून बोलत होते. मला गुलाबरावांचा तो काळा पडलेला, आनंदी चेहरा आठवला.

मी त्यांना आत बोलावलं आणि चहा ठेवला. म्हटलं, पाटणकर, बसा जरा. आज मी बोलत असताना हो म्हणू नका.